विषाला पुरून उरणारे

शिराळा तालुक्यात वारणेच्या अंगाला ऊस आणि भात दोन्ही पिकतात. पिकाला उंदीर लागतो, उंदरामागे साप येतो आणि सापाच्या मागावर मुंगूस. यंदाच्या अंकाचा विषय ‘वैर’ असल्याचं संपादकांनी कळवलं तेव्हा मला हीच जोडी आठवली. साप-मुंगसाच्या वैराचे दाखले आपण येता-जाता देतो, पण ज्या दंशाने धडधाकट माणूस काही तासांत जातो, तो सोसून मुंगूस उभं कसं राहतं, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ते समजून घ्यायचं म्हणून मी इथल्या एका सर्पमित्राचं घर गाठलं.

पाऊस ओसरत आला होता. खाचरातलं पाणी गुडघ्याखाली उतरलं होतं. सर्पमित्र, त्याचे वडील आणि मी बांधाने चाललो होतो, तेवढ्यात घाणेरीच्या जाळीतून एक मुंगूस बाहेर आलं. लांबून करड्या रंगाचं वाटणारं हे जनावर जवळून पाहिलं की कळतं, एकेका केसावर गडद-फिके पट्टे आहेत. डोळ्यांत तांबूस झाक, कान डोक्याला चिकटलेले. मागच्या पायांवर उभं राहून त्याने आमचा अंदाज घेतला आणि धोका नाही असं वाटताच बांधातल्या बिळात नाक खुपसलं. पुढच्या नखांनी भराभर माती उकरून त्याने एक खेकडा ओढून काढला, नांग्या चुकवत चिखलावर आपटला, आणि कवच फुटल्यावर तो तिथेच बसून खाल्ला. उंदीर, सरडे, किडे, खेकडे, पक्ष्यांची अंडी, झाडाखाली पडलेली फळं असा त्याचा रोजचा आहार. साप त्यात मधूनच येतो.

“हे काय असंच जातंय व्हय नागावर?” आबा म्हणाले. “आधी मुळी खाऊन येतंय. चावलं की पुन्यांदा पळतंय मुळीकडं. माझ्या आज्यानं बघितलंय.”

“कुठली मुळी, आबा?”

“ती कुणाला घावत न्हाई. घावली असती तर माणसं कशाला मेली असती?”

मुलाने वडिलांना तोडलं नाही. बरंच पुढे गेल्यावर तो मला म्हणाला, “ताई, मी गोठ्यामागं एकदा पूर्ण भांडण बघितलंय. मुळीबिळी काय नव्हती.” त्याने सांगितलं ते असं: नागाने फणा काढला होता. मुंगसाने अंगावरचा केस न् केस फुलवला होता, त्यामुळे ते होतं त्याच्या दीडपट दिसत होतं. ते पुढे सरकायचं, नाग झेपावायचा, आणि मुंगूस तेवढ्यात मागे. फणा काढलेला नाग उभ्या उंचीइतकाच पुढे पोचतो, आणि दर झेपेनंतर त्याला अंग पुन्हा सावरून उभं राहावं लागतं. मुंगसाला ते अंतर नेमकं कळत होतं. नागाच्या झेपा हळूहळू मंदावल्या. मग एका क्षणी मुंगसाने त्याच्या डोक्याचाच चावा घेतला आणि सोडलाच नाही. फुलवलेल्या केसांत दोनदा तरी नागाचं तोंड पोचलं होतं, असं त्याला वाटलं. दात कातडीपर्यंत गेले की नाही, ते सांगता येत नव्हतं.

म्हणजे पहिला बचाव चपळाईचा. दुसरा त्या राठ, उभ्या केसांचा. पण हे दोन्ही फसले आणि दात खरंच रुतले, तर? आबांची मुळी याच जागी उगवते.

गोव्यात छापलेली मुळी

ही मुळी फार जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि आयुष्यभर इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याची ऊठबस होती. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात सर्पदंशावरच्या एका लाकडाचं प्रकरण आहे. सिंहलद्वीपात मुंगसासारखं जनावर नागाशी लढताना ही वनस्पती वापरतं, तिथूनच माणसांना तिचा गुण कळला, असा त्याचा वृत्तांत. साडेचारशे वर्षांनंतर वारणेकाठी मला तीच गोष्ट ऐकायला मिळाली, फक्त ‘सिंहलद्वीप’ जाऊन ‘आमचा आज्जा’ आला होता.

मुळीची गोष्ट इतकी टिकली, कारण ती दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावते. मुंगूस भांडण अर्धवट टाकून झुडपात जातं, पुन्हा येतं. मध्ये गवत चघळताना कुणी पाहिलं असेल. ते जगलंय हे तर डोळ्यांपुढेच असतं. मग झुडपात काहीतरी असणारच.

याला छेद देणारा प्रयोग आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला. नागाच्या विषावरचा उतारा घोड्याच्या रक्तापासून तयार करण्याचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातला गेला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. मुंगसाची ताकद तपासण्यासाठी त्याने कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरची मुंगसं मागवली. तिथे विषारी साप नाहीत. उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला म्हणून भारतीय वंशाची मुंगसं तिकडच्या बेटांवर सोडली गेली होती, त्यांचीच ही पिलावळ. या मुंगसांनी नाग कधी पाहिलेला नव्हता, दंश कधी सोसलेला नव्हता. पिंजऱ्यात कसली मुळीही नव्हती. तरी सशाला मारायला पुरेल त्याहून कितीतरी जास्त विष त्यांनी पचवलं. मात्रा आणखी वाढवली तेव्हा मात्र तीही मेली.

या एका प्रयोगातून तीन गोष्टी कळतात. मुंगसाची ताकद जन्मजात आहे. ती कुठल्या वनस्पतीतून येत नाही. आणि तिला मर्यादा आहे. पुढचं शतक मग ही ताकद शरीरात नेमकी कुठे आहे, हे शोधण्यात गेलं.

पापणी का पडते

ते समजायला रुग्णालयात जावं लागलं. तालुक्याच्या एका रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण वर्षानुवर्षं पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमनी मला आधी एकच गोष्ट दाखवली. त्यांनी समोरच्या परिचारिकेला डोळे मिटून उघडायला सांगितलं. “नागाचं विष चढलेल्या माणसाला हे जमत नाही,” त्या म्हणाल्या. “पापणी अर्ध्यावर राहते. मग गिळता येत नाही, मान धरत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू. माणूस शुद्धीवर असतो, ऐकत असतो, पण छाती हलत नाही.”

आपण स्नायू हलवतो तेव्हा चेतातंतूच्या टोकाकडून असेटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. स्नायूच्या पृष्ठभागावर ते टिपून घेणारी ग्राहक प्रथिनं असतात. कुलपात किल्ली बसावी तसं ते रसायन त्यांत बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. नागाच्या विषातले अल्फा-न्यूरोटॉक्सिन नावाचे छोटे प्रथिन-रेणू याच जागी येऊन बसतात. ते कुलूप उघडत नाहीत, नुसते अडवून ठेवतात. मेंदूचा हुकूम सुटतो, रसायनही सुटतं, पण स्नायूपर्यंत काही पोचत नाही.

डॉक्टर अशा वेळी प्रतिविष तर देतातच, जोडीला ॲट्रोपीन देऊन निओस्टिग्मिनचं इंजेक्शनही देतात. असेटिलकोलीनचं विघटन करणारं विकर त्याने रोखलं जातं. रसायन साचत जातं आणि जागेसाठी विषाशी झटापट करू लागतं. नागाच्या दंशात बरेचदा काही मिनिटांतच पापणी वर जाताना दिसते. मण्यारीच्या दंशात हाच उपाय पुष्कळदा फोल ठरतो, कारण तिच्या विषातले काही घटक चेतातंतूचं टोकच निकामी करतात. रसायन सुटतच नाही, तर साचणार काय? मग कृत्रिम श्वासावर ठेवून टोकं पुन्हा सुधारण्याची वाट पाहावी लागते, कधी कित्येक दिवस.

निओस्टिग्मिन जिथे झगडतं, नेमक्या त्याच जागी मुंगसाने फेरफार केलेला आहे. इस्राएलच्या वाइझमन संस्थेत सारा फुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मुंगसाच्या ग्राहक प्रथिनाची जडणघडण प्रसिद्ध केली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. विष ज्या पट्ट्यात चिकटतं, तिथले काही मणी मुंगसात बदललेले निघाले. त्यांतला १८७व्या जागेवरचा बदल असा की त्या ठिकाणी साखरेच्या रेणूंची एक शाखा जोडली जाते. ही शाखा वाटेत आडवी येते. असेटिलकोलीनचा रेणू इवलासा, तो तिच्या बाजूने आत शिरतो. विषाचा रेणू अंगाने मोठा, त्याला जागा मिळत नाही.

मला सगळ्यात थक्क केलं ते पुढच्या शोधांनी. नाग स्वतःच्या विषाने का मरत नाही? त्याच्याही ग्राहक प्रथिनावर अशीच साखरेची शाखा आहे, १८९व्या जागेवर. मुंगसापासून दोनच घरं पलीकडे. जन्माचे वैरी म्हणून ज्यांची नावं आपण एका दमात घेतो, त्या दोघांनी एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र वाटेने तोच तोडगा काढला.

आणि हा एकच तोडगा नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॅनिएल ड्रॅबेक, शॅरन जान्सा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली हनी बॅजर या प्राण्याकडे पाहिलं. रॅटेल नावानेही ओळखला जाणारा हा प्राणी आफ्रिकेत आहे, आपल्याकडेही आहे, आणि नाग खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या १८७व्या जागेवर साखर नव्हती. तिथे आर्जिनिन होतं, धन विद्युतभार असलेलं अमिनो आम्ल. नागाच्या विषाच्या या रेणूंवरही धनभारच असतो, त्यामुळे ते दूर लोटले जातात. काटे फुलवून अंगाचं गाठोडं करणाऱ्या हेजहॉगमध्ये हाच बदल सापडला आणि डुकरातही. हे तिघे एकमेकांचे जवळचे नातेवाईक नव्हेत. प्रत्येकात तो बदल वेगळा घडला आहे.

घडला म्हणजे कुणी ठरवून केला नाही. असे बदल पिढ्यान्‌पिढ्या योगायोगाने होत असतात. ज्यांच्यात झाला ते दंशानंतर जगले, ज्यांच्यात नव्हता ते मेले. मग सगळ्याच प्राण्यांत तो का नाही? कारण ही फार नाजूक जागा आहे. विष अडवायच्या नादात असेटिलकोलीनही अडलं, तर ते पिल्लू जन्मतःच लुळं पडेल. म्हणून हा बदल पसरायला दोन्ही गोष्टी लागतात: शरीराला खपेल अशी तडजोड आणि सतत नागाशी पडणारी गाठ.

आपल्या बाबतीतही यातलं थोडंसं घडलेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या रिचर्ड हॅरिस, ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली वेगवेगळ्या वानरांच्या ग्राहक प्रथिनांवर नागांच्या विषाची चाचणी घेतली. जिथे नाग नाहीत अशा मादागास्करचे लेमूर आणि दक्षिण अमेरिकेतली माकडं यांच्या प्रथिनांना विष घट्ट चिकटलं. आफ्रिका-आशियातल्या माकडांत ते कमी चिकटलं. चिंपांझी, गोरिला आणि माणूस यांच्यात आणखी कमी. नागाच्या शेजाराने आपल्यातही थोडा फरक पाडला आहे. तो दंशातून वाचवण्याइतका मात्र मुळीच नाही, हे मॅडमच्या वॉर्डात दिसतंच.

वीस मिनिटांची काचनळी

आतापर्यंत बोललो ते नागाबद्दल. पण या भागात रुग्णालयात येणाऱ्यांत घोणशीचे दंश फार, आणि घोणस पूर्णपणे वेगळ्या वाटेने मारते.

तिच्यासाठी मॅडमची मुख्य परीक्षा म्हणजे काचेची एक कोरडी, स्वच्छ, नवी परीक्षानळी. रुग्णाच्या शिरेतलं दोन मिलिलीटर रक्त तीत घ्यायचं आणि हात न लावता वीस मिनिटं तसंच ठेवायचं. मग नळी एकदाच तिरकी करायची. निरोगी माणसाचं रक्त तोवर गोठून घट्ट झालेलं असतं. घोणशीचं विष भिनलं असेल तर ते पाण्यासारखं वाहतं. विषातले घटक रक्त गोठवणाऱ्या यंत्रणेला इतकं पेटवतात की गोठण्याचा सगळा साठा थोड्याच वेळात संपून जातो. मग हिरड्यांतून, लघवीतून, कुठूनही रक्त येऊ लागतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सडवणारी विकरं वेगळी. मूत्रपिंडं बंद पडतात ती वेगळीच.

मी तिथे असताना अशी एक नळी खिडकीशी ठेवलेली होती. रुग्णाचा भाऊ सारखा तिच्याकडे बघत होता. परिचारिकेने त्याला दोनदा सांगितलं, “दादा, हलवू नका, हलवली तर परत करावी लागंल.” वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त वाहिलं. मॅडम काही न बोलता उठल्या आणि प्रतिविषाच्या कुप्या फोडायला घेतल्या.

घोणशीपुढे १८७व्या जागेचा तोडगा निरुपयोगी. हल्ला रक्तावर असेल तर बचावही रक्तातच हवा, आणि काही प्राण्यांनी तसा तो केलेला आहे. अमेरिका खंडातला ओपॉसम हा मांजराएवढा, पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी तिकडचे विषारी व्हायपर मारून खातो. ब्राझीलमध्ये जोनास पेरालेस आणि सहकाऱ्यांनी ओपॉसमच्या रक्तद्रवातून एक प्रथिन वेगळं केलं. ते विषातल्या ऊती सडवणाऱ्या विकरांना धरून निकामी करतं. जपानमधल्या संशोधकांनी मुंगसाच्या रक्तद्रवातही रक्तस्राव रोखणारी अशी प्रथिनं शोधली. दोन्ही प्राणी जगाच्या दोन टोकांचे, पण या प्रथिनांचं कुळ एकच. त्याच कुळातलं एक प्रथिन माणसाच्या रक्तातही वाहतं. त्याने आपलं घोणशीपासून रक्षण मात्र होत नाही.

ओपॉसममध्ये आणखी एक गोष्ट सापडली. रक्त गोठताना लागणारं एक प्रथिन तिकडच्या व्हायपरांच्या विषाचं लक्ष्य असतं. जान्सा आणि रॉबर्ट व्हॉस यांनी २०११ साली दाखवलं की व्हायपर खाणाऱ्या ओपॉसमांत हेच प्रथिन झपाट्याने बदलत गेलं आहे. विष जिथे चिकटतं, बदल तिथेच दाटीने झाले आहेत.

पक्ष्यांचं काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. सर्पगरुड साप खातो, मोरही लहान साप टिपतो. त्यांचं बरंचसं संरक्षण पायांवरच्या जाड खवल्यांत, दाट पिसांत आणि पकडण्याच्या कसबात आहे. मुंगसाशी तुलना करावी असं काही त्यांच्या रक्तात सिद्ध झालेलं मला वाचायला मिळालं नाही.

कॅलिफोर्नियातली खार

या सगळ्या अभ्यासांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका खारीने. कॅलिफोर्नियातली ही खार जमिनीत बीळ करून राहते. तिच्या गवताळ माळावर रॅटलस्नेक भरपूर. हा साप शेपटीचा खुळखुळा वाजवतो आणि त्याचं विष आपल्या घोणशीप्रमाणे रक्तावर आणि ऊतींवर चालतं. खारीची पिल्लं हे त्याचं आवडतं खाद्य.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डोनाल्ड ओविंग्ज आणि रिचर्ड कॉस यांनी अनेक वर्षं या दोघांच्या गाठीभेटी पाहिल्या. मोठी खार सापाला पाहून पळत नाही. ती त्याच्या तोंडावर माती उडवते, शेपटी फुलवून हलवते. रॅटलस्नेकला डोळ्यांखालच्या खाचांनी उष्णता जाणवते, म्हणून त्याच्यासमोर ती शेपटीत जास्त रक्त खेळवून शेपटी गरमही करते. उष्णता न जाणवणारा बिनविषारी साप समोर असेल तर ही मेहनत ती घेत नाही. हे २००७ साली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दिसलं. एवढी धिटाई परवडते, कारण तिच्या रक्तात विषाची विकरं अडवणारी प्रथिनं आहेत. पिल्लांचं अंग मात्र लहान. तेवढं विष अडवायला त्यांचं रक्त पुरत नाही, म्हणून आई मध्ये पडते.

पण ही ताकद सगळ्या खारींत सारखी नाही. जिथे रॅटलस्नेक जास्त, तिथल्या खारी विषाला जास्त टिकतात. जिथे ते नाहीत, तिथे टिकाव कमी. मॅथ्यू होल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली याची दुसरी बाजू मांडली: सापही थांबलेले नाहीत. एकेका ठिकाणच्या रॅटलस्नेकचं विष तिथल्याच खारींच्या रक्ताला तोडीस तोड देईल असं घडलेलं आहे. डोंगरापलीकडची खार आणि अलीकडचा साप समोरासमोर आणले तर हिशेब बदलतो.

इथे माझ्या डोक्यात संपादकांच्या विषयाचा अर्थ लागला. हे वैर शेजारचं असतं. मुंगसाची, खारीची, ओपॉसमची ताकद विष या नावाच्या कुठल्या सरसकट गोष्टीविरुद्ध नाही. ती आपल्या बांधावरच्या, आपल्या माळावरच्या सापाविरुद्ध आहे.

हे न ओळखल्याचा परिणाम जपानच्या अमामी ओशिमा बेटाने भोगला. तिथे हाबू नावाचा विषारी साप आहे. भारतीय उपखंडातून १९१० साली ओकिनावाला मुंगसं नेली होती, त्यांच्या वंशातली तीसेक मुंगसं १९७९ मध्ये अमामीवर सोडली गेली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी मग सोपी शिकार धरली: जगात फक्त त्या आणि शेजारच्या एका बेटावर राहणारा अमामी ससा आणि तिथले दुर्मीळ पक्षी. २००० सालाच्या सुमारास मुंगसांची संख्या दहा हजारांवर गेल्याचा अंदाज होता. सापळे लावून, प्रशिक्षित कुत्री वापरून ती एकेक करून पकडावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये जपान सरकारने अमामी मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. यात मुंगसाचा काहीच दोष नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

घोड्याचं रक्त, तमिळनाडूचं विष

मुंगसाला जे जन्मजात मिळालं, ते माणसाने घोड्याकडून उसनं घेतलं. घोडा विषाला मुळात टिकत नाही. त्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात, ती हळूहळू वाढवत नेतात आणि त्याचं शरीर प्रतिपिंडं बनवू लागतं. मग त्याचं रक्त काढून द्रव वेगळा करतात, प्रतिपिंडांचे कामाचे तुकडे शुद्ध करतात आणि वाळवून पांढऱ्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून चालतं. एक मिलिलीटर प्रतिविषाने नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असा त्याचा मापदंड आहे. विष भिनल्याची लक्षणं दिसली की पहिल्या खेपेलाच आठ-दहा कुप्या जातात.

घोड्यांना टोचायचं विष प्रामुख्याने एकाच भागातून येतं. चेन्नईजवळ वडनेमेली इथे इरुळा आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने ती १९७८ साली सुरू झाली. पिढीजात साप ओळखणाऱ्या या लोकांनी पकडलेल्या सापांचं विष काढून घेतलं जातं आणि सापांना पुन्हा रानात सोडलं जातं. देशातल्या असंख्य माणसांचे प्राण या लोकांच्या कसबाने वाचले आहेत. त्यांच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

पण तमिळनाडूतली घोणस आणि वारणाकाठची घोणस एकच का? दिसायला एक. विषात नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा देशभरातल्या सापांचं विष तपासते आहे. एकाच जातीच्या सापांचं विष प्रदेशागणिक बदलतं आणि प्रतिविषाचा जोर त्यामुळे कुठे कमी पडतो, कुठे पुरतो, हे त्यांच्या गटाने वेळोवेळी दाखवलं आहे. २०२५ साली त्यांनी ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींच्या विषाचा तिथल्या हवामानाशी संबंध लावला. कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचं काम जास्त आढळलं. कॅलिफोर्नियातल्या खारीला जे रक्तात कळलेलं आहे, ते आपल्या औषधाच्या कुपीत अजून उतरलेलं नाही.

याची किंमत लहान नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यातले. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवून. मॅडम मात्र दुसऱ्याच आकड्याबद्दल बोलत होत्या: दंश आणि दवाखाना यांमधले तास. “मुळी, मंत्र, चिरा देणं, दोरी आवळणं, हे सगळं करून चार तासांनी आणतात. माझ्याकडे तेव्हा औषध असतं, वेळ नसतो.” आबांची मुळी त्या चार तासांत उगाळली जाते. म्हणूनच तिच्याकडे नुसती गोड लोककथा म्हणून पाहणं मला जमत नाही.

विष जिथे चिकटतं ते ग्राहक प्रथिन आता औषधाच्या विचारालाही दिशा देतं आहे, निदान तत्त्व म्हणून. विषाला अडकण्यासाठी खऱ्या ग्राहकाऐवजी त्याची नक्कल पुरवता आली तर? अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेचे आणि बंगळुरूचे शास्त्रज्ञ मिळून हेच करत आहेत. त्यांनी मानवी प्रतिपिंडांच्या प्रचंड मोठ्या संग्रहातून निवडून सिद्ध केलेल्या एका प्रतिपिंडाची माहिती २०२४ साली प्रसिद्ध झाली. स्नायूवरचं ग्राहक प्रथिन विषाला जसं धरतं, जवळपास तसंच हे प्रतिपिंड त्याला धरतं. उंदरांवरच्या चाचण्यांत नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला काळा मांबा अशा दूरदूरच्या सापांच्या विषापासून त्याने संरक्षण दिलं. घोडा लागत नाही, आणि प्रतिपिंड माणसाचंच असल्याने घोड्याच्या प्रथिनांमुळे येणारी वावडी टळण्याची आशा आहे. माणसांवरच्या उपचारापर्यंतचा रस्ता अजून लांबचा आहे.

हे सगळं मी सर्पमित्राला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ताई, आमच्या घोणशीवर चालंल का?”

नाही. ते प्रतिपिंड चेतासंस्थेवर चालणाऱ्या विषातल्या फक्त एका गटापुरतं आहे. घोणशीच्या विषात डझनावारी वेगवेगळे घटक असतात, त्यांतल्या मुख्य घटकांसाठी वेगळी प्रतिपिंडं शोधावी लागतील आणि मग ती एकत्र करावी लागतील. त्यासाठी आधी इथल्या घोणशीचं विष तपासलं जायला हवं, असं मी म्हटलं. “मग सांगा त्यांना,” तो म्हणाला, “पावसाळ्यात या म्हणावं. बरण्या घेऊन. मी दाखवतो कुठं असत्यात.”